दगड उकळू नका, आधी बोटं मोजा

प्रश्न : आमच्याकडे खाऱ्या पाण्याची १५० लिटरची टाकी आहे. पाच महिन्यांपूर्वी एका गृहस्थांनी आपली जुनी टाकी मोडली, तेव्हा त्यांच्याकडचा लाइव्ह रॉक घेतला. त्या वेळी दगडावर काहीच दिसत नव्हतं. आता तीन प्रकारची फुलं उगवली आहेत. एक तपकिरी, काचेसारखं आरपार, माडाच्या झाडासारखं. हात जवळ नेला की झटकन भोकात जातं. दुसरी हिरवट बटणं, पंधरा-वीसचा झुबका. तिसरी पांढरी, एवढीशी, चांदणीसारखी. दुकानदार म्हणतो, सगळं खरवडून काढा. मित्र म्हणतो, फुकटात ॲनिमोन मिळाला, क्लाउनफिश त्यात राहायला जाईल. येत्या रविवारी दगड काढून मोठ्या पातेल्यात उकळून घ्यावा असं मनात आहे. सोबत तीन फोटो आणि सातवीतल्या मुलीने काढलेलं चित्र पाठवतो. ही नक्की काय आहेत?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दगड उकळू नका. अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून तुम्हाला फोनवर आधीच सांगितलं. इथे पुन्हा लिहितो, कारण दगड उकळून ‘स्वच्छ’ करायचा विचार अनेक टाकीवाल्यांच्या मनात येतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

धोका त्या हिरव्या बटणांचा आहे. त्यांना झोअँथिड म्हणतात, आपल्याकडचे दुकानदार ‘झोआ’ किंवा ‘बटण पॉलिप’ म्हणतात. त्यांच्या काही जातींमध्ये, विशेषतः पॅलिथोआ या प्रजातीत, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. १९७१ साली हवाई विद्यापीठातल्या रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी ते वेगळं करून दाखवलं. त्याची हकिगत तुमच्या प्रश्नाशी फार जवळची आहे. माऊई बेटावर हाना गावाजवळ खडकातलं एक डबकं होतं. तिथे वाढणाऱ्या एका गोष्टीला स्थानिक लोक ‘हानाचं मारक शेवाळ’ म्हणत. ते भाल्याच्या टोकाला लावलं की जखम जीवघेणी ठरते अशी समजूत होती, आणि ते डबकं निषिद्ध मानलं जाई. शास्त्रज्ञांनी जाऊन पाहिलं तर ते शेवाळ नव्हतंच, दगडावर पसरलेले पॉलिप होते, म्हणजे प्राणी. नाव चुकीचं होतं, पण त्यापासून लांब राहण्याचा तिथल्या लोकांचा निर्णय अगदी बरोबर होता.

आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम-पोटॅशियमचे पंप असतात. हे विष त्या पंपाला जाऊन चिकटतं आणि त्याचं उघडं भोक करून टाकतं. स्नायू, हृदय, फुप्फुसं, सगळीकडे याचा परिणाम होऊ शकतो. उकळत्या पाण्याने ते मरत नाही; उलट वाफेबरोबर उडणाऱ्या तुषारांतून नाकातोंडात जातं. कोरड्या दगडावर ब्रश घासणं, त्यावर जोराच्या पाण्याचा फवारा मारणं, यानेही तेच होतं. अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ या काळात मत्स्यालयाच्या दुकानांत आणि घरांत लोक असे आजारी पडल्याचं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१५ मध्ये नोंदवलं आहे. तोंडात कडवट, धातूसारखी चव, ताप, खोकला, धाप, अंगदुखी, डोळे लाल होणं ही लक्षणं. दगड हाताळल्यावर यातलं काहीही जाणवलं तर घरातल्या सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत जायचं, लगेच रुग्णालय गाठायचं आणि डॉक्टरांना ‘झोअँथिड’ आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हे दोन शब्द स्वतःहून सांगायचे. नाहीतर ते फ्लू समजतील.

सगळ्याच बटणांत हे विष असतं असं नाही. बऱ्याच लोकांच्या टाकीत ती वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. पण कोणत्या गुच्छात किती आहे ते डोळ्यांनी कळत नाही. त्यामुळे प्रत्येक बटण विषारी धरूनच वागायचं. दगड हलवताना लांब बाह्यांचे रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, हातावर कापलेलं असेल तर ते काम दुसऱ्या दिवसावर ढकला, आणि दगड पाण्याखालीच ठेवा.

आता ओळखण्याकडे वळतो. तुम्ही पाठवलेल्या तीन फोटोंपेक्षा तुमच्या मुलीचं चित्र मला जास्त उपयोगी पडलं. फोटो निळ्या दिव्याखाली काढलेले आहेत. निळ्या उजेडात पॉलिपच्या अंगातली काही प्रथिनं हिरवी-केशरी चमकतात आणि बाकी सगळं काळोखात जातं. म्हणून फोटोंत एक हिरवा डाग, एक तपकिरी धूसर डाग आणि काही पांढरे ठिपके, एवढंच दिसतं. रंगावरून नाव ठरवण्याची सवय या छंदात फार आहे आणि ती मोडायला हवी. एकच जात कमी उजेडात तपकिरी आणि भरपूर उजेडात हिरवी होऊ शकते.

मुलीने मात्र रंग भरलेच नाहीत. तिने आकार काढले आणि शेजारी आकडे लिहिले. बटणाच्या सपाट चकतीभोवती आखूड बोटांच्या दोन ओळी काढल्या आहेत, आणि सगळ्या बटणांच्या बुडाशी एक सलग रेघ ओढून ‘खालून जोडलेली’ असं लिहिलं आहे. झोअँथिडची खूण हीच आहे. प्रत्येक बटण वेगळं दिसलं तरी बुडाशी मांसल चादर एकच असते. खरं समुद्रपुष्प, म्हणजे ॲनिमोन, एकटं असतं. त्याचं बूड त्याचं स्वतःचं असतं. पुढच्या वेळी तिला भिंग देऊन बटणाच्या देठाकडे बघायला सांगा. देठात वाळूचे कण रुतलेले दिसले, तो खरखरीत वाटला, तर पॅलिथोआची शक्यता वाढते, कारण ते वाळू अंगात सामावून घेतात. देठ गुळगुळीत असेल तर झोअँथस. बघायचं फक्त काचेबाहेरून. बोट लावायचं नाही.

तुमचं ते माडाचं झाड म्हणजे एप्टेशिया. याबद्दल मला शंका नाही. पारदर्शक तपकिरी खोड, वर लांब, टोकाकडे निमुळती होत गेलेली बोटं (शास्त्रीय शब्द संस्पर्शक), आणि सावली पडताच भोकात दडी. तरीही खात्री करायची असेल तर एक गोष्ट करून बघा. ड्रॉपरमध्ये टाकीतलंच पाणी घ्या आणि वीतभर अंतरावरून त्याच्यावर हलकी फुंकर मारल्यासारखं सोडा. ते आकसेल. दोन-तीनदा डिवचलं की तोंडातून आणि खोडाच्या बाजूंनी पांढरे, शिवणाच्या दोऱ्याहून बारीक धागे बाहेर येतील आणि पाण्यात वळवळतील. त्या धाग्यांत दंशपेशी ठासून भरलेल्या असतात. शेजारच्या प्रवाळाला ते लागले तर तेवढी जागा जळल्यासारखी होते. त्यामुळे हा प्रयोग एकदाच करा.

याच्याशी गल्लत होते ती मजानोची. मजानो बुटका, जाड, आणि त्याची बोटं टोकाला किंचित फुगीर, बहुधा हिरवट असतात. त्याला पाहून लोकांना वाटतं, बबल टिप ॲनिमोनचं पिल्लू मिळालं. तुमच्या मित्राचाही असाच काहीसा समज झालेला दिसतो. क्लाउनफिशला निसर्गात आसरा देणाऱ्या समुद्रपुष्पांच्या जाती जेमतेम दहा धरतात, आणि तुमच्या दगडावरचं त्यांपैकी नाही. बबल टिप चांगला पसरला तर जेवणाच्या ताटाएवढा होतो. १५० लिटरच्या टाकीत तो आणूही नका.

एप्टेशियाचं काय करायचं? दुकानदाराचा खरवडण्याचा सल्ला ऐकू नका. माझ्या पहिल्या टाकीत असं एकच उगवलं होतं. मी दाढीच्या ब्लेडने ते दगडापासून सोडवलं, चिमट्याने उचलून फेकलं आणि काम झालं असं समजून निश्चिंत झालो. महिना उलटला तेव्हा त्याच कोपऱ्यात अकरा होती, बोटाच्या पेराएवढीसुद्धा नव्हेत, पण प्रत्येकाला आपापला झुबका. एप्टेशियाच्या बुडाचा बारीकसा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवं अंग तयार होतं. कोणी न छेडताही ते दगडावरून सरकताना बुडाचे तुकडे मागे ठेवत जातं. माझ्या ब्लेडने ते काम एका झटक्यात केलं होतं.

त्याला जागच्या जागी मारायचं असेल तर चुना. पानाला लावायचा आणि टाकीत वापरायचा चुना रसायन म्हणून एकच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पण पानाच्या चुन्यात आणखी काय मिसळलंय ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून शुद्ध पूड आणा. थोड्या आरओ पाण्यात घट्ट दह्याइतकी दाट कालवा. सगळे पंप बंद करा. सिरिंजने तोंडाच्या चकतीवर अलगद ठेवा, म्हणजे ते खाणं समजून आत ओढेल. ते दडून बसलं तर भोकच चुन्याने लिंपून टाका. पंधरा-वीस मिनिटांनी पंप सुरू करा. तुमच्या टाकीत एका दिवशी तीन-चारच्या पुढे जाऊ नका, कारण चुन्याने पाण्याचा पीएच भराभर वर जातो आणि मासे त्याने मरतात. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, तेव्हा इथेही चष्मा हवाच.

पेपरमिंट श्रिंप ही कोळंबी एप्टेशिया खाते, पण सगळ्या खातात असं नाही, आणि दुकानात तिच्या नावाखाली बरेचदा कॅमल श्रिंप गळ्यात मारतात. कॅमलच्या पाठीला ठळक पोक असतं आणि लाल अंगावर स्पष्ट पांढऱ्या रेघा असतात. ती एप्टेशिया सोडून तुमची बटणं कुरतडेल. बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय केवळ एप्टेशियावर जगते. ती मिळाली तर उत्तम, मात्र एप्टेशिया संपल्यावर ती उपाशी मरते, म्हणून आधीच कोणाला पुढे द्यायची ते ठरवून ठेवा. कॉपरबँड बटरफ्लायफिश सुचवणारे पुष्कळ भेटतील. तुमच्या टाकीत त्या माशाचे हाल होतील. आणि माशांना घालता ते खाणं निम्म्यावर आणा. उरलेलं खाणं एप्टेशियाच्याच पोटात जातं, एरवी इतकी वाढ सहसा होत नाही.

इतकं सांगूनही मला त्या जीवाबद्दल वाईट बोलवत नाही. एप्टेशियाच्या अंगात प्रवाळांसारखीच एकपेशीय शैवालं राहतात, उजेडावर अन्न बनवतात आणि त्यातलं यजमानाला देतात. समुद्र तापला की प्रवाळ ही शैवालं गमावून पांढरे पडतात, त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. प्रयोगशाळेत प्रवाळ वाढवणं कटकटीचं आणि फार सावकाशीचं काम, म्हणून जगभरचे संशोधक हाच अभ्यास एप्टेशियावर करतात. ते भराभर वाढतं, आणि शैवालं गेली तरी खायला घातल्यावर जगतं, त्यामुळे जोडी तुटताना आणि पुन्हा जुळताना नेमकं काय होतं ते बघता येतं. २०१५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंचही प्रसिद्ध झाला. तुमच्या टाकीत नकोसा झालेला त्याचा हा चिवटपणा तिथे कामाला येतो.

राहिली ती पांढरी चांदणी. मुलीने सहा चांदण्या काढल्यात, दोन मोठ्या, चार लहान, आणि प्रत्येकीशेजारी ८ लिहिलंय. या एका आकड्यासाठी तिचं मनापासून कौतुक. पॉलिपांचे दोन मोठे गट आहेत. एका गटात समुद्रपुष्पं, पाषाणी प्रवाळ, झोअँथिड आणि मशरूम प्रवाळ येतात. त्यांची बोटं पुष्कळ आणि वयाबरोबर वाढत जातात. दुसरा गट अष्टप्रवाळांचा, म्हणजे ऑक्टोकोरल. त्यांच्या प्रत्येक पॉलिपला बोटं आठच असतात, पॉलिप लहान असो की मोठा. मोठ्या चांदण्यांनाही आठच असल्यामुळे मी या दुसऱ्या गटाकडे झुकतो. दुकानात ‘क्लोव्ह पॉलिप’ किंवा ‘स्टार पॉलिप’ म्हणून मिळणारे याच गटातले. तसं असेल तर काढू नका.

पण एक अडचण आहे. काही समुद्रपुष्पांची पिल्लंही वाढताना आठ बोटांच्या अवस्थेतून जातात. शिवाय हायड्रॉइड नावाचे चिमुकले पॉलिप असेच पांढुरके दिसतात आणि झोंबतातही जोरात. म्हणून नुसता आकडा पुरेसा नाही. अष्टप्रवाळाच्या बोटाला दोन्ही कडांनी बारीक उपबोटं असतात, त्यामुळे बोट पिसासारखं दिसतं. हायड्रॉइडची आणि समुद्रपुष्पाची बोटं साधी, दोऱ्यासारखी. आणि टिचकी मारल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी चांदणी एखाद्या नळीत गेली, तर तो पॉलिपच नव्हे, पंखा पसरून बसणारा नळीतला किडा आहे, अगदी निरुपद्रवी.

तेव्हा मुलीला आणखी एक काम द्या. टाकीचे दिवे मालवून दोन तास झाले की टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावा. लाल उजेडात बहुतेक पॉलिप मिटत नाहीत. पंप पाच मिनिटं बंद ठेवा, भिंग काचेला टेकवा आणि एकाच चांदणीचं एकच बोट तिला मोठं करून काढायला सांगा, वहीच्या पानभर. ते पान पाठवा. तोवर चांदण्यांना आणि बटणांना तसंच राहू द्या.

प्रश्न : ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर बटण पॉलिप दिसतात. थोडे आणून घरच्या टाकीत वाढवता येतील का?
— एक विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : आणू नका. विषाचं कारण वर आलंच आहे. दुसरं कारण कायद्याचं. पाषाणी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना कायद्याने दिलेलं संरक्षण वाघाइतकंच आहे. बटणं त्या यादीत नाहीत, पण हाजी अलीच्या त्याच खडकांवर पाषाणी प्रवाळही चिकटलेले असतात, तपकिरी-करडे, गाळाने माखलेले, सवय नसलेल्या डोळ्याला साधा दगड वाटावा असे. बटणांसाठी खडकाचा टवका काढलात तर त्याच्याबरोबर काय आलं हे कळणारही नाही. कोस्टल रोडच्या कामाच्या वाटेत हे प्रवाळ आले, तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली, आणि २०२० मध्ये ते वरळी आणि हाजी अलीहून उचलून दुसरीकडे बसवले गेले. उलट दिशेचंही तेवढंच महत्त्वाचं : टाकीतलं काहीही, पाणीसुद्धा, समुद्रात सोडू नका. दूरच्या समुद्रातून आलेले जीव आपल्या किनाऱ्याला नकोत.

पण बघायला जरूर जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही लांबवर जाते, भांगाच्या दिवसांत तेवढे खडक उघडे पडत नाहीत. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून लोकांना अशा वेळी किनाऱ्यावर नेऊन हे जीव दाखवतो. पहिल्या खेपेला माहितगारांबरोबर गेलात तर पाय कुठे ठेवायचा हेही शिकाल, कारण बटणांच्या चादरी पायाखाली येतात आणि चिरडतात. बुळबुळीत खडकांसाठी पकड असलेले जुने बूट घाला.

उघड्या खडकावर बटणं मिटलेली असतात. ओल्या, मळकट चामड्यावर एकाला एक चिकटून गोल फोड आल्यासारखी ती दिसतात आणि त्यांवरून नजर सहज पुढे जाते. तिथेच, हातभर अंतरावर, पाणी साठलेली खळगी शोधा. तिच्या काठाशी बसा, सूर्य समोर ठेवून, म्हणजे तुमची सावली पाण्यावर पडणार नाही. चार-पाच मिनिटं हलू नका. त्याच चादरीचा पाण्यात बुडालेला भाग तिथे उघडलेला सापडेल, चकत्या वर करून, कडेला आखूड बोटांच्या दोन ओळी असलेला.